हजेरीपासून दाखल्यापर्यंत

माणसाच्या पायांना वाट कोण देतो, असा प्रश्न कोणी विचारला तर तो आपणांस काहीसा चमत्कारिक वाटेल. पाय आपले, वाट सर्वांची. निघावे आणि चालू लागावे, यात देण्याघेण्याचे काय आहे? साताऱ्याहून कराडला, कराडहून सांगलीला आपण सकाळी जातो आणि संध्याकाळी परत येतो. लेकीच्या घरी चार दिवस राहतो, नोकरीसाठी पुण्यास बिऱ्हाड करतो. आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने देशात कोठेही फिरण्याचा आणि कोठेही वस्ती करण्याचा हक्क आपणांस दिला आहे, याची आठवणही आपणांस होत नाही. अंगातला श्वास जसा जाणवत नाही, तसा हा हक्क जाणवत नाही.

परंतु याच दोन जिल्ह्यांत, आमच्या आजोबांच्या आणि वडिलांच्या हयातीत, अशी माणसे होती की ज्यांना शेजारच्या गावी एक रात्र काढावयाची तर चावडीचा कागद लागत असे. त्यांनी चोरी केली होती म्हणून नव्हे, कोर्टाने शिक्षा दिली होती म्हणून नव्हे, तर ती अमुक जातीत जन्मली होती म्हणून. त्या कागदाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. हमाल, गिरणी कामगार, ऊसतोडणी करणारे यांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. जे वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. पण कागद मिळाला तर माणसाचे काय होते आणि न मिळाला तर काय होते, हे आम्ही रोज पाहतो. त्या अनुभवाच्या उजेडात जुना इतिहास वाचला की त्यातील पुष्कळ ओळी नव्याने समजतात.

आधी थोडी पूर्वपीठिका. रामोशी आणि मांग ही साताऱ्याच्या मुलखातली जुनी रखवालदार मंडळी. गडाच्या पायथ्याशी, गावाच्या वेशीवर, खळ्यावर त्यांचा पहारा असे. चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारी त्यांची, आणि त्या बदल्यात गावाकडून बलुते किंवा जमिनीचा तुकडा. ही व्यवस्था न्यायाची होती असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यात उच्चनीचता होती आणि अस्पृश्यताही होती. परंतु त्या माणसांना गावगाड्यात काम होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ले ओस पडले, जुन्या शिबंद्या मोडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पहारा करणारांचे पोट तुटले. पुरंदरच्या उमाजी नाईकाने बंड उभारले ते याच असंतोषातून. १८३२ मध्ये त्याला पुण्यात फाशी दिले. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यही कंपनीने खालसा केले. नव्या सरकारच्या दप्तरात मात्र काल पहारा करणारा माणूस आज संशयित म्हणून लिहिला जाऊ लागला. रखवालदाराचा दरोडेखोर झाला तो असा. आधी त्याची भाकरी गेली आणि मग त्याचे नाव गेले.

पुढे १८७१ साली हिंदुस्थान सरकारने एक कायदा केला. त्याला आपल्याकडे जरायमपेशा जातींचा कायदा किंवा गुन्हेगार जमाती कायदा म्हणतात. त्यामागचा विचार मोठा विलक्षण होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार, चोरी हा त्याचा कुळधर्मच आहे, असे समर्थन त्या वेळी करण्यात आले. जातिव्यवस्थेला नावे ठेवणाऱ्या साहेबाने तीच जातिव्यवस्था उचलून कायद्याच्या पुस्तकात बसवली! आरंभी हा कायदा उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला, आणि १९२४ च्या कायद्याने तो आणखी पक्का केला.

या कायद्याची यंत्रणा नीट समजावून घेतली पाहिजे, कारण सारा इतिहास त्या यंत्रणेत आहे. प्रथम सरकारने गॅझेटात एक जाहिरनामा काढावयाचा की अमुक जमात ही गुन्हेगार जमात आहे. मग त्या जमातीच्या माणसांची यादी करावयाची, आणि त्या माणसांनी आपली माहिती सांगून बोटांचे ठसे द्यावयाचे. एकदा नाव चढले की सरकार हुकूम करू शके की या माणसाने ठराविक वेळी हजेरी द्यावी; मुक्काम बदलला तर कळवावे; किंवा अमुक हद्दीबाहेर पाऊल टाकू नये. बाहेर जाणे असेल तर परवान्याचा कागद घ्यावा. परवान्याशिवाय सापडला तर वॉरंटावाचून अटक. सरकारला वाटले तर एखाद्या जमातीला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी, तारेच्या कुंपणात, नेऊन वसवता येई. मुलांना आईबापांपासून वेगळे करण्याचीही तरतूद त्यात होती. आणि सर्वांवर कळस म्हणजे, सरकारचा हा जाहिरनामा बरोबर की चूक, हे तपासण्याचा अधिकार कोणत्याही कोर्टाला नव्हता.

हे शेवटचे कलम आमच्या मते साऱ्या कायद्याचा कणा आहे. खुनी माणसालाही वकील देता येतो, साक्षीपुरावा होतो, अपील होते. येथे आरोपच नव्हता, म्हणून खटला नव्हता. आणि खटला नव्हता, म्हणून सुटकाही नव्हती. ज्याने गुन्हा केला त्याची शिक्षा केव्हा तरी संपते. ज्याचा जन्मच गुन्हा ठरला त्याची शिक्षा कोणत्या तारखेस संपावी?

काही जण म्हणतील की चोऱ्या होतच होत्या, दरोडे पडतच होते. सरकारने काय हात बांधून बसावे? होत होत्या, हे खरे. भुकेल्या वस्तीत चोऱ्या होतात, आणि भरल्या पोटाच्या पेढ्यांतही होतात. ज्याने केली त्याला धरावे, कोर्टापुढे उभे करावे, शाबीत झाली तर तुरुंगात घालावे. यात कोणाचेच दुमत नाही. परंतु एखाद्या पेढीच्या मुनिमाने अफरातफर केली म्हणून त्याच्या जातीच्या सगळ्या माणसांची रोज रात्री चावडीवर मोजदाद झाल्याचे आम्ही वाचलेले नाही.

आता या कागदाने घरात काय होई ते पाहा. हजेरी असलेल्या माणसाला लांबच्या गावी कामास जाता येत नाही, म्हणून गावात मिळेल ती मजुरी मिळेल त्या दराने पत्करावी लागते. जो मजूर दुसऱ्या गावी जाऊ शकत नाही, त्याची मजुरी कधी वाढत नाही, हे आम्ही कामगार चळवळीतली माणसे पहिल्या दिवशी शिकतो. मुलीची सोयरीक ठरवावयाची, मयताला जावयाचे, जत्रेला जावयाचे, आजारी आईला पाहावयाचे, तर परवाना हवा; आणि परवाना ज्याच्या हाती त्याची मर्जी सांभाळावयास हवी. मर्जी सांभाळणे याचा खेड्यातला अर्थ आपणांस ठाऊक आहे. लाकडे फोडून द्यावी, वैरण आणून टाकावी, कोंबडे पोचते करावे आणि वर तोंड उघडू नये. अशा रीतीने सरकारचा कायदा गावातल्या बलिष्ठांचा फुकटचा गडी पुरवणारा कायदा झाला.

या हजेरीचे चित्र मराठी वाचकांपुढे ठळकपणे उभे केले ते अण्णाभाऊ साठे यांनी. वाळवे तालुक्यातील वाटेगाव हे त्यांचे गाव. १९२० मध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. शाळा त्यांना लाभली नाही. मुंबईत ते गिरणीत राबले आणि तेथेच कामगार चळवळीत आले. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली निघाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. त्याच वाटेगावातल्या मांगवाड्याची ती कथा आहे, आणि त्या कथेत हजेरी जागोजाग आडवी येते. आपल्या माणसांची इज्जत दिवसाकाठी चावडीवर मोजली जाते, हे शल्य त्या पुस्तकात आहे. कादंबरीत इतिहास शोधू नये असे विद्वान म्हणतात. परंतु ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांची बखर कोणी लिहावयाची? सरकारी दप्तरात त्यांचा अंगठा सापडतो. त्यांचे म्हणणे सापडत नाही.

वाटेगावाहून दक्षिणेस गेले की वारणा लागते. चांदोलीच्या रानातून निघून हरिपुरास कृष्णेला मिळणारी ही नदी. तिच्या उत्तर काठचे वाळवे आणि शिराळे हे तालुके तेव्हा इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात, आणि दक्षिण काठावर कोल्हापूरचे संस्थान. १९१८ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. उत्तर काठावर मात्र जरायमपेशांचा कायदा १९४९ पर्यंत जिवंत होता. म्हणजे एकतीस वर्षे अशी गेली की नदी तीच, भाषा तीच, जात तीच, सोयरसंबंध अलीकडचे पलीकडे. पण दक्षिण काठचा राजा ज्यांना हजेरीतून मोकळे करतो, त्यांच्याच भाईबंदांवर उत्तर काठचा कायदा चावडीत हात जोडून उभे राहण्याची सक्ती करू शकतो. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून जी नदी ओलांडता येते, ती ओलांडली की माणसाचा स्वभाव बदलतो काय? बदलतो तो वरचा कायदा. जन्मजात गुन्हेगारीच्या साऱ्या सिद्धान्ताला वारणेच्या या एका उताराने उत्तर दिले आहे.

अशीच दुसरी गोष्ट आटपाडीकडची. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. तेथे १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची वसाहत निघाली. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून, शेती करीत राहू लागले. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांची ती कल्पना, आणि औंधच्या राजेसाहेबांचा तिला आश्रय. पुढे ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. आता गंमत पाहा. गुन्हा शाबीत झालेला माणूस आटपाडीच्या माळावर विश्वासाने मोकळा. आणि तेथून दोन दिवसांच्या पायवाटेवर, इंग्रजी हद्दीत, जाहिरनाम्यात ज्याच्या जातीचे नाव आले तो, कोणताही गुन्हा न करता, हजेरीत बांधलेला. विश्वास आणि संशय यांची वाटणी माणसाची करणी पाहून झाली नव्हती, एवढे यावरून स्पष्ट होते.

खेड्यातली हजेरी ती एक, आणि शहरातली सेटलमेंट ती दुसरी. सोलापूरच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'सेटलमेंट' हा शब्द आहे. कुंपणाच्या आत कैकाडी, पारधी, भामटे, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे ठेवलेली आणि त्यांतली धडधाकट माणसे गिरण्यांत कामाला धाडलेली. सरकार म्हणे, आम्ही यांना उद्योग शिकवून सुधारीत आहो. उद्योग शिकवणे चांगलेच. त्यात काही अधिकाऱ्यांचा हेतू प्रामाणिकही असेल. परंतु आमच्यासारखा माणूस वेगळी गोष्ट पाहतो. साधा कामगार पगार कमी पडला तर गिरणी सोडून दुसरीकडे जातो, संपावर जातो, रागावून गावी जातो. सेटलमेंटातल्या कामगाराने परवानगीवाचून हद्द सोडली तर तो फरारी. अशा कामगाराचा संप म्हणजे पोलिसांचा खटला. मालकाला याहून सोयीचा मजूर कोठे मिळणार? १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा गृहमंत्री कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी करण्यास समिती नेमावी लागली. तिने १९३९ मध्ये अहवाल दिला. कायदा जाण्यास तरीही आणखी दहा वर्षे लागली.

येथे एका विसंगतीचा उल्लेख केल्यावाचून आम्हांला राहवत नाही. ट्रान्सवालमधील गोऱ्या सरकारने तेथील हिंदी लोकांवर नोंदणीचा आणि बोटांच्या ठशांचा कायदा लादला. त्याविरुद्ध सप्टेंबर १९०६ मध्ये जोहान्सबर्गला सभा झाली, आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी गांधीजींच्या नेतृत्वाखाली दोन हजारांहून अधिक दाखले कढईत घालून जाळण्यात आले. सत्याग्रह हा शब्द जगाला त्या लढ्याने दिला. हे आम्हांला शाळेत शिकवले, आणि ते योग्यच होते. परंतु त्यानंतर तीनच वर्षांनी, १९११ मध्ये, तसेच ठसे आणि तसाच दाखला आपल्याच देशात आपल्याच माणसांवर लादण्याची सोय झाली, हे मात्र आम्हांला कोणी शिकवले नाही. दूरच्या अपमानाने आपण पेटून उठलो, आणि वेशीबाहेरच्या वाड्यातला अपमान आपल्याला गावाच्या बंदोबस्तासारखा वाटला.

स्वातंत्र्य आल्यावर १९४९ मध्ये मुंबई प्रांताने हा कायदा रद्द केला. त्याच वर्षी जिल्ह्याचीही वाटणी होऊन उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याचा १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या समितीने देशभर चौकशी केली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी साऱ्या भारतात हा कायदा संपला. शंभराहून अधिक जमाती त्या दिवशी मोकळ्या झाल्या. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात, आणि म्हणूनच कित्येक वस्त्यांत ३१ ऑगस्ट हा दिवस १५ ऑगस्टाइतक्याच आनंदाने पाळतात.

परंतु कायदा गेला म्हणून कायद्याची सवय जात नाही. १९५९ साली आपल्या राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. त्यात जातीचे नाव नव्हते, पण नोंदणी, ठसे, मुक्काम कळवणे ही जुनीच अवजारे होती. त्याच सालच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने पालातल्या फिरत्या माणसाला वॉरंटावाचून पकडण्याची आणखी एक वाट उघडली. गुन्हा कोठे घडला की आधी पारध्याची पाले तपासावयाची, हा रिवाज तर कोणत्याच कायद्यात लिहिलेला नाही, तरी तो चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातवार भेदाची कलमे घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मजात सराईत समजणारी वाक्ये तोपर्यंत काही नियमावल्यांत शाबूत होती. १९५२ पासून मोजले तर बहात्तर वर्षे!

आणि आता कागदाची दुसरी बाजू. स्वतंत्र भारताने या जमातींना सवलती दिल्या. महाराष्ट्रात रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, भामटा, कंजारभाट आदी चौदा जमाती विमुक्त जातींच्या यादीत आहेत. मांग अनुसूचित जातींत आहेत. सवलत घ्यावयाची तर जातीचा दाखला लागतो. तो मागावयास गेले की सरकार विचारते, अमुक तारखेस किंवा त्यापूर्वी तुमचे घराणे या राज्यात राहत होते याचा पुरावा काय? अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, आणि विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. पुरावा म्हणजे आजोबाच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, जमिनीचा उतारा. ज्याला शाळेत कोणी घेतले नाही, ज्याचे मूल रस्त्याकडेला पालात जन्मले, ज्याला जमिनीचा तुकडा नाही, त्याने हे कागद आणावेत कोठून? लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या १९८० च्या आत्मकथनात फलटणकडच्या कैकाडी कुटुंबाची गाढवांवरची बिऱ्हाडे आपण वाचली असतील. त्या गाढवाच्या पाठीवर दप्तरखाना कसा मावणार?

आमच्या संघटनेतल्या एका हमालाच्या मुलीचे उदाहरण सांगतो. बारावीला तिला चांगले गुण होते, परिचारिकेच्या शिक्षणाला प्रवेश मिळत होता. वडिलांचा जन्म एका गावचा, आजोबांचा दुसऱ्या, पणजोबांचे गाव कोणास सांगता येईना. एका कचेरीने दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवले, दुसरीने जुने रजिस्टर वाळवीने खाल्ल्याचे लिहून दिले. शेवटी गृहचौकशी झाली, भावकी शोधली गेली, कुलदैवत आणि लग्नविधी विचारले गेले आणि दाखला मिळाला. पण तोवर प्रवेशाची मुदत टळून वर्ष गेले होते. त्या हमालाने आम्हांला एवढेच विचारले: "आमचा आजा कुठं निजतो ते रोज रात्री लिहून घेत होते, म्हणता. मग ती वही कुठं गेली?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि सरकारपाशीही नव्हते. बांधून ठेवण्यासाठी ज्याची नोंद झाली, त्याला हक्क देण्याची वेळ आली तेव्हा नोंद सापडत नाही!

जागा बदलली की माणसाचे सरकारी नाव बदलते, हेही आपल्याच राज्यात आहे. कैकाडी माणूस विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीचा. तोच उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीचा. सोयरे दोन्हीकडे, धंदा एकच, देव एकच. जुनी प्रांतांची रेघ कागदावर राहिली, आणि त्या रेघेने एका कुळाचे दोन वर्ग केले.

हा प्रश्न केवळ आपला नाही, हे कळण्यासाठी थोडे बाहेर पाहू. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला शहरात राहण्यासाठी पासाचे पुस्तक जवळ बाळगावे लागे. त्याविरुद्ध निदर्शन करणाऱ्या जमावावर २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ६९ माणसे मेली. तो पासांचा कायदा १९८६ मध्ये गेला. पॅलेस्टाईनमध्ये मात्र अशा ओळखपत्राचा अंमल आजही आहे. १९६७ च्या युद्धानंतर इस्रायलने ताब्यात घेतलेल्या मुलखात जनगणना केली. त्या वेळी जे हजर होते त्यांची नावे नोंदवहीत चढली, आणि युद्धामुळे वा कामधंद्यामुळे जे बाहेर होते त्यांच्यातील पुष्कळांचा घरी परतण्याचा हक्क गेला. पूर्व जेरुसलेमच्या माणसाकडे निळे ओळखपत्र, पश्चिम किनाऱ्याच्या माणसाकडे हिरवे. हिरव्याला जेरुसलेमात शिरण्यास परवाना लागतो. निळ्याचेही कायम नाही: आपल्या जीवनाचे केंद्र जेरुसलेमच आहे हे वीजबिले, शाळेचे कागद दाखवून शाबीत करावे लागते, आणि १९६७ पासून चौदा हजारांहून अधिक जणांचा तेथील वास्तव्याचा हक्क काढून घेतला गेला आहे. नवरा एका रंगाचा आणि बायको दुसऱ्या रंगाची असली तर संसार कोठे थाटावा हाच प्रश्न पडतो. ओस्लो करारानंतर पत्रे छापते पॅलेस्टिनी प्रशासन, पण नोंदवहीत फेरफार इस्रायलच्या संमतीवाचून चालत नाहीत. तेथल्या झगड्याची सारी गुंतागुंत एका व्याख्यानात मांडता येणार नाही. पण आपल्याच गावात जन्मून तेथे राहण्याचा पुरावा ज्याला वारंवार द्यावा लागतो, त्याचे दुःख साताऱ्या-सांगलीच्या माणसाला परके वाटू नये.

मग काय, सगळ्या नोंदी आणि सगळी ओळखपत्रे वाईटच समजावयाची? तसे म्हणणे आमच्या तोंडी शोभणार नाही. कारण आमचे निम्मे आयुष्य कामगारांची नावे रजिस्टरात चढवण्यासाठी भांडण्यात गेले आहे. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत पाठीवर ओझी वाहणाऱ्या आपल्या भागातल्या माणसांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्याने हमालाची नोंद मंडळात होते आणि मजुरी मंडळामार्फत मिळते. भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांचा हक्क त्या नोंदीने येतो. माथाडीचे ओळखपत्र खिशात असले की माणूस ताठ चालतो. ऊसतोड्यालाही असाच अनुभव आहे. पूर्वी शिधापत्रिका गावाची, म्हणून सहा महिने कारखान्याच्या तळावर धान्य मिळत नसे. आता ती देशात कोठेही चालावी अशी योजना झाली आहे. ती नीट चालावी यासाठी अजून दुकानदारांशी हुज्जत घालावी लागते, पण दिशा बरोबर आहे. हा कागद माणसाच्या मागे चालत जातो. हजेरीचा कागद माणसाला मागे ओढीत असे.

दोन्हीकडे नाव लिहिलेले, दोन्हीकडे अंगठा उठवलेला. मग फरक कशात आहे? आमच्या समजुतीप्रमाणे तीन प्रश्न विचारले की तो कळतो. ही नोंद त्या माणसाने मागितली की त्याच्यावर लादली? नोंद चुकीची असेल, किंवा होतच नसेल, तर तिच्याविरुद्ध दाद मागण्यास त्रयस्थ न्यायासन आहे काय? आणि कागद हरवला, जळाला, वाळवीने खाल्ला, तर माणसाचा हक्क शिल्लक राहतो की कागदाबरोबर जातो? १९११ चा कायदा तिन्ही प्रश्नांत नापास होतो. माथाडींचा कायदा पुष्कळ अंशी पास होतो. आणि आजचा जातीचा दाखला? तो मागितलेला आहे, त्याच्यासाठी न्यायालयात जाता येते. पण तिसऱ्या प्रश्नापाशी तो अडखळतो. ज्यांच्याजवळ कागद नसण्यास सरकारच कारण झाले, त्यांच्यावरच कागदाचे सारे ओझे टाकणे हा न्याय नव्हे. तेथे पुरावा शोधण्याचे काम सरकारने आपल्या शिरावर घेतले पाहिजे. जुनी पोलीस दप्तरे, सेटलमेंटची रजिस्टरे, चावडीच्या वह्या जेथे जेथे उरल्या असतील तेथून बाहेर काढून, त्यांतली नावे त्या त्या कुळांच्या हाती दिली पाहिजेत. जी वही बेडी होती ती निदान पुरावा तरी होऊ दे.

श्रोतेहो, आपण सारी गावात घर असलेली माणसे. आपल्या उंबऱ्यावर नगरपालिकेचा नंबर आहे, शेताला गट नंबर आहे, आजोबांचे नाव शाळेच्या पटावर आहे. म्हणून हा प्रश्न आपल्याला दिसत नाही. पुढच्या वेळी एस. टी. स्टँडाच्या मागे पाले उतरतील, आणि 'ही कुठली माणसे, यांची चौकशी करा' असे कोणी म्हणेल, तेव्हा आपण एवढे आठवावे की ही चौकशी शंभर वर्षांपूर्वी झाली आहे, ठशांसह झाली आहे, आणि तिच्यातून त्यांना मुक्कामाची जागा काही मिळाली नाही. आता विचारावयाचेच असेल तर त्यांच्या मुलांची नावे विचारावी, आणि जवळच्या शाळेच्या पटावर ती घालून यावी. त्या पटावरची नोंद पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी नातीला उपयोगी पडेल.